सालीचं वय ओळखणारं नाक

"आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही," बिंगकुन म्हणाला, आणि चहाघरातल्या गोल टेबलाभोवतीच्या मंडळींनी खुर्च्या पुढं ओढल्या. विश्वास ठेवण्याजोगं ऐकायचं असतं तर ती घरी वर्तमानपत्र वाचत बसली असती.

सनवुई गाव संत्र्याच्या सालीवर जगतं. फळ तीन पाकळ्यांत सोलायचं, साल वाळवायची, पोत्यात भरायची आणि वर्षानुवर्षं मुरू द्यायची. जितकी जुनी, तितका तिचा मान. आता साल काही जन्मदाखला घेऊन येत नाही. दहा वर्षांची साल तीस वर्षांची म्हणून खपवणारे बिलंदर गल्लोगल्ली. म्हणून गावाच्या व्यापाऱ्यांनी एक नाक नेमलेलं असे. त्या नाकानं वास घेऊन वय सांगितलं की वाद मिटला. गेली सव्वीस वर्षं ते नाक बिंगकुनच्या चेहऱ्यावर होतं.

ते पुढंही तिथंच राहणार की नाही, याचा निकाल आज व्हायचा होता.

टेबलाच्या मधोमध, वाफेच्या करंड्या आणि कोंबडीच्या पायांच्या बश्यांमध्ये, एक पत्र्याचा डबा ठेवला होता. तो सालीचा व्यापारी क्वोंगनं आणलेला. आतली साल किती वर्षांची, हे एकट्या क्वोंगला ठाऊक. बिंगकुननं वय बरोबर सांगितलं तर त्याचं नाक कायम. चुकला तर दरवर्षी थंडीत होणाऱ्या सालीच्या पारखीला त्याच्या खुर्चीत क्वोंग बसणार. सगळं कसं गोडीगुलाबीनं ठरलं होतं. वर्षभर आजारी पडलेल्या माणसाला कोण दुखवणार? पण डबा काही कोणी उचलून बाजूला ठेवला नव्हता.

बिंगकुनच्या शेजारी त्याची बायको लाइफोंग बसली होती, आणि तिची नजर डब्यावरून हलत नव्हती. कारण गेले चौदा महिने त्या नाकाला पलंगाखाली उंदीर मेला तरी कळत नव्हतं. ही गोष्ट गावात दोघांनाच माहीत होती.

"तू गोष्ट लांबव," सकाळी त्याच्या कॉलरचं बटण लावताना ती म्हणाली होती. "डबा सगळ्यांच्या हातांतून फिरून माझ्यापर्यंत येऊ दे."

"गोष्ट लांबवायला तू मला शिकवतेस?" बिंगकुनला ते चांगलंच लागलं होतं.

तर आता तो लांबवत होता.

"माझ्या नाकामागं एक भाडेकरू येऊन राहिला," तो म्हणाला. "नाक संपतं आणि घसा सुरू होतो, तिथं वर छताला. अशी चोरटी जागा की नळी आत घातल्याशिवाय डॉक्टरालाही दिसत नाही."

"तुझ्या नाकाला कळलं नाही?" नूडलवाल्या मानानं विचारलं. माना गोलमटोल होता आणि त्याला सगळं खरं वाटे. "शेजारच्या तालुक्यातलं वादळ हुंगणारं नाक ते!"

"अरे, घरमालकाला स्वतःच्या माळ्यावर कोण झोपलंय ते कधी कळतं का? डावा कान बंद झाला, मी म्हटलं पाणी गेलं असेल. सकाळी थुंकीत रक्ताची रेघ, म्हटलं अंगात उष्णता झाली. मग मानेत गाठ आली."

ती गाठ लाइफोंगला सापडली होती. असंच कॉलरचं बटण लावताना.

"ग्वांगचौच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई यिप. एवढीशी! स्टुलावर उभी राहिली तरी माझ्या खांद्याला लागेल. तिनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? काका, लहानपणी खारवलेला मासा खात होता का? मी म्हटलं, बाई, दूध सुटल्यावर दुसरं खाल्लं काय! भातावर मासा, पेजेत मासा."

क्वोंगनं आपल्यापुढची खाऱ्या माशाची बशी हळूच मानासमोर सरकवली. मानानं ती तितक्याच हळू परत सरकवली.

"म्हटलं, कापून टाका. तर म्हणाली, तिथं सुरी पोचवायची म्हणजे वाटेत निम्मा चेहरा लागतो. तिथं किरण पाठवू. पण तुमचा भाडेकरू मानेत उतरून बसलाय, एकट्या किरणांना दाद द्यायचा नाही. किरण आणि औषध, दोन्ही एकाच वेळी."

"दोन्ही कशाला?" क्वोंग म्हणाला. त्यानं सगळ्यांच्या कपांत चहा ओतला. बिंगकुननं बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर टकटकवली. चहा ओतणाऱ्याचे आभार तिथं असेच मानतात. बाकीच्यांचीही बोटं वाजली.

"हेच मी विचारलं. ती म्हणाली, काका, किरण त्या पेशींना फाडतात. पण त्या पेशी भारी चिवट, रातोरात स्वतःला शिवून घेतात. औषध काय करतं? त्यांचा सुई-दोरा पळवतं. फाटलं ते फाटलंच राहतं. शिवाय त्यातली एखादी पळून दुसऱ्या गल्लीत गेली असेल, तर औषध रक्तातून तिच्याही मागं जातं. आणि औषध कशाचं माहितेय? प्लॅटिनमचं."

"झालं!" क्वोंगनं मांडीवर थाप मारली. "आली थाप! म्हणे प्लॅटिनमचं. अंगठ्या करतात ते?"

"तेच."

"तुझ्या नसांत?"

"तीन वेळा."

"वहिनी, आवरा याला!"

"खरं आहे ते," लाइफोंग म्हणाली. "मीही विचारलं होतं. खरंच त्याचंच करतात."

क्वोंगनं तरीही हात झटकला. मग बिंगकुन म्हणाला की औषध चढवून बाहेर पडताना इस्पितळाच्या दारातलं यंत्र कोकलायला लागलं आणि समोरचा सोनार दोन दिवस त्याच्या पाठीमागून फिरत होता. यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला. सोनार तसेच असतात, माना म्हणाला.

लाइफोंगला हसू आवरेना. या माणसाबरोबर चौतीस वर्षं काढून तिला एक कळलं होतं. तो खरं सांगू लागला की लोक त्याची गचांडी धरतात, आणि खोटं बोलला की त्याला चहा पाजतात. त्या आजारात तर खरंच इतकं नवलाचं घडलं होतं, की बिचाऱ्याला थापा मारायला जागाच उरली नव्हती.

"मग त्यांनी मला जाळीचा चेहरा घातला," तो सांगत होता. "प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यातून काढला आणि तोंडावर दाबला. थंड झाला, की झाला माझाच चेहरा! नाक, हनुवटी, सगळं हुबेहूब. आणि मग तो चेहरा फळीला खिळवला. मी आत. तेहतीस दिवस, रोज."

"माणसाला फळीला खिळवतात!" क्वोंग म्हणाला. "ऐका, ऐका."

"हलू नये म्हणून," लाइफोंग म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढं हललं तरी चालत नाही. मागं पाठीचा कणा, वर डोळे, बाजूला लाळेच्या पिशव्या. ते किरण चहूबाजूंनी येतात आणि या सगळ्यांना वळसा घालून बरोब्बर मधल्याला गाठतात. यंत्रावरची ती मुलं काचेपलीकडं बसून..." ती थांबली. इतकं बोलायची तिला सवय नव्हती. "फार नीट काम करतात," एवढंच म्हणाली.

"तो चेहरा आता कुठाय?" मानानं विचारलं.

"घरी. मांजरापासून मासा झाकायला वापरतो. मांजराला वाटतं, मीच बशीत झोपलोय."

"थाप!" क्वोंग म्हणाला.

हेही खरं होतं.

डबा फिरू लागला. रिवाजच होता: पारख करणाऱ्यानं शेवटी हुंगायचं, आधी सगळ्यांनी हाताळायचं. पहिला मानाकडं गेला. त्यानं झाकण उघडून नाक खुपसलं, शिंकला आणि म्हणाला, "जुनी आहे." त्याच्याकडून कोणाची याहून जास्त अपेक्षा नव्हती.

"पुढं ऐका," बिंगकुन म्हणाला. "विसाव्या दिवशी यंत्रानं माझी इतकी दहशत घेतली, की ते बंदच पडलं. आठवडाभर हलेना. ग्वांगचौहून... म्हणजे बीजिंगहून माणसं बोलवावी लागली."

लाइफोंगनं मान खाली घातली.

यंत्र बंद पडलं नव्हतं. ही थाप तो तिच्यासाठी मारत होता, आणि ती मारायला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

झालं असं होतं. किरण म्हणजे आग, एवढं तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तोंड आलं, घसा सोलवटला, मानेची कातडी काळवंडली. अंगात एवढी उष्णता दुसऱ्या कशानं होणार? आणि उष्णता म्हटल्यावर काय करायचं ते सनवुईत शेंबडं पोरही सांगेल. इस्पितळामागच्या गल्लीत, जिथं रोग्यांची माणसं सामाईक चुलींवर स्वयंपाक करायची, तिथं ती पहाटे चोवीस वनस्पतींचा कडू काढा उकळायची आणि थर्मासमधून वॉर्डात न्यायची. वरून हंसाचं मांस बंद, कोळंबी बंद, अंडं बंद, कारण हे सगळं बाधतं. नुसती पांढरी पेज आणि काढा. बिंगकुन बिचारा डोळे मिटून प्यायचा. काढ्यानं त्याचं पोट वाहू लागलं, आणि ती म्हणायची, उष्णता बाहेर पडतेय.

एके सकाळी जाळीचा चेहरा त्याच्या तोंडावर खुळखुळला. आतला माणूस इतका वाळला होता, की चेहऱ्यात मावण्याऐवजी हरवला. त्याच दिवशी रक्ताचा अहवाल आला: मूत्रपिंडं बिघडायला लागली होती. प्लॅटिनमचा तिसरा डोस द्यायचा म्हणजे मूत्रपिंडं धडधाकट हवीत, पोटात भरपूर पाणी हवं. डॉक्टर यिपनी डोस थांबवला.

त्यांनी लाइफोंगला खोलीत बोलावलं तेव्हा ती थर्मास पदराआड धरावा तसा जाकिटात लपवून गेली होती. बाईंनी हात पुढं केला. थर्मास घेतला, झाकण उघडलं, वास घेतला.

"माझी आई पण हाच करते, काकू," त्या म्हणाल्या. "परीक्षेच्या वेळी मला पाजायची. अजून घशात कडवटपणा आहे."

लाइफोंगला वाटलं होतं, आता ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ही आग पाण्यानं विझवायची नाही, काकू. ही आग आपणच लावलीय, आपल्याला हवी तिथं. तुम्ही काकांच्या अंगात लाकडं भरा. मी जाळते तेवढं तुम्ही भरायचं. अंडं, मासा, कोंबडी, जे गिळेल ते. एक किलो कमी झालं तर मी तुमच्याशी भांडेन. बरोबर भांडेन."

त्यांनी नवा चेहरा बनवायला सांगितला, सगळा हिशेब पुन्हा मांडला. एवढीशी बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडद्यापुढं बसून होती. लाइफोंगनं दारातून तीनदा पाहिलं. आठ दिवसांनी रक्त सुधारलं आणि तिसरा डोस गेला. थोडा कमी करून, पण गेला.

आणि त्याच आठ दिवसांत ते दुसरं घडलं. बिंगकुन खाईना. घसा दुखतो म्हणून नव्हे. वास नाही, चव नाही, पेज म्हणजे गरम चिखल, म्हणायचा. तेव्हा लाइफोंग एकेक चमचा भरवताना त्याला वास सांगू लागली. घरून आणलेल्या सालीचा तुकडा पेजेत टाकलेला असायचा. "ही बघ," ती म्हणायची, "आता लिंबासारखी टोचत नाही, पण कापूरही अजून आला नाही. नऊ वर्षांची असेल." बिंगकुन गिळायचा. दुसऱ्या दिवशी: "ही सोळाची. ओल्या लाकडाचा वास." गिळायचा. चौथ्या दिवशी त्यानं चमचा अडवला, उशाखालून सालीची पुडी काढली आणि तिच्यावरची तारीख वाचली. वय बरोबर निघालं.

"तुला हे कोणी शिकवलं?" घसा बसलेला, आवाज कागदासारखा.

"सव्वीस वर्षं पोती कोण उलथतंय घरात? तू?"

तो हसला, आणि हसल्यामुळं ओठ फुटला, आणि तरी हसला.

तीन महिन्यांनी नळी घालून पाहिलं, तर माळा रिकामा. गाठही गेलेली. "घर खाली झालं, काका," यिपबाई म्हणाल्या. त्यानं विचारलं, वास परत येईल? बाईंनी खोटं सांगितलं नाही. "थोडा येईलही. सांगता येत नाही. जीव आणि नाक, दोन्ही एकदम माझ्या हातात बसत नव्हते. मी जीव धरला." त्यानं वाकून नमस्कार केला. तो इतका वेळ वाकून राहिला की बाईंनीच त्याला सरळ केलं.

घरी आल्यावर लाइफोंग म्हणाली होती, "सांगून टाकू या सगळ्यांना." तो दुपारभर फडताळावरच्या डब्यांकडं बघत बसला. ना थाप, ना टोमणा. तेहतीस दिवस फळीला खिळलेला माणूस तिनं पाहिला होता, पण तो गप्प बसलेला तिच्यानं बघवेना. मग तिनंच युक्ती काढली. चहाघरात बोटं तर वाजतच असतात. दोन बोटांची टकटक म्हणजे दहा. एका बोटाची म्हणजे एक. कोणाच्या लक्षात येणार?

"...आणि शेवटच्या दिवशी," बिंगकुन सांगत होता, "माझ्या डोक्यात इतका उजेड साठला होता, की रात्री दिवा न लावता मी वर्तमानपत्र वाचलं. बायको म्हणाली, तोंड मिट, झोप येत नाही."

"माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं," माना म्हणाला.

डबा लाइफोंगच्या हातात आला. बाकीच्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं पुढं सरकवायचा, एवढंच तिचं काम. तिनं झाकण पुसण्याचं निमित्त केलं आणि एक श्वास घेतला.

आधी कापूर. मग जुनी लाकडी पेटी उघडल्यासारखं काहीतरी, तळाशी किंचित गोड. बावीस? नाही. गोडाच्याही खाली ओली माती होती. एका वर्षी वादळ झालं होतं, फळं आठवडाभर चिखलात भिजत पडली होती, आणि त्या सालीला ती माती कायमची लागून राहिली. त्या वर्षी लाइफोंगनं स्वतः गुडघाभर पाण्यातून टोपल्या उचलल्या होत्या.

तेवीस.

तिनं डबा नवऱ्यापुढं ठेवला आणि आपला कप टेबलाच्या मध्याकडं सरकवला. क्वोंगनं किटली उचलली. ठरल्याप्रमाणं सगळं चाललं होतं: आता तो ओतेल, आता बोटं वाजतील.

बिंगकुननं डोळे मिटले. जुन्या दिवसांसारखं नाक हळूहळू वर उचललं, डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. अख्खं चहाघर बघू लागलं. पलीकडच्या टेबलावरचा कपबश्यांचा खडखडाटही थांबला. लाइफोंगचा जीव त्या नाकाकडं लागला होता. तिला आणखी काहीच दिसत नव्हतं.

तिनं बोटं टेकवली. दोन बोटं, टक. दोन बोटं, टक. मग एक. एक. एक.

"तेवीस," बिंगकुन म्हणाला.

मग त्याला राहवेना. "दक्षिणेच्या उतारावरचं झाड. खालच्या फांदीचं फळ. सोलणारी बाई डावखुरी होती, आणि त्या दिवशी तिचं सासूशी भांडण झालं होतं."

"वा!" माना ओरडला. "याला म्हणतात नाक! आजार काय, मरणही या नाकाला हात लावणार नाही! क्वोंग, बोल की, किती वर्षांची आहे?"

क्वोंग बिंगकुनच्या नाकाकडं बघत नव्हता. तो लाइफोंगच्या बोटांकडं बघत होता, आणि मग तिच्या कपाकडं, आणि मग अजून हवेतच धरलेल्या आपल्या किटलीकडं.

"तेवीस बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "वादळाच्या वर्षाची. मी स्वतः पोत्यातून काढली. पण बिंगदादा, लेका थापाड्या, किटली माझ्या हातात आहे, आणि वहिनींच्या कपात अजून थेंब पडलेला नाही. मग त्यांची बोटं आभार कोणाचे मानतायत? सरकव तो डबा. सरकव त्यांच्याकडं. थंडीच्या पारखीला खुर्चीत त्याच बसतील."